चौफुलीवरची बिनपाण्याची झाडं

आनंदाबाईनं हिशोब चुलीपुढं बसून केला होता, आणि तिच्या स्वभावाप्रमाणे आधी नुकसान धरून केला होता. झाडं अकराशे. त्यातली पाव हिस्सा मरतील, कारण मरतातच. राहिली आठशे पंचवीस. जगलेल्या झाडामागे बावीस रुपये. पुढचा गुणाकार तिनं सुनेकडून करवून घेतला. वर्षाली दहावी शिकलेली होती आणि त्या शिक्षणाचा घरात दुसरा काही उपयोग नव्हता. अठरा हजार एकशे पन्नास आले. मोटरीचे नऊ हजार, विजेच्या खांबाचे आणि कनेक्शनचे सात. खाली उरले दोन हजार दीडशे. त्याचं काय करायचं ते आनंदाबाई बोलली नाही, पण तिनं एकदा वर्षालीच्या मोकळ्या पायांकडे पाहिलं. वर्षालीनं पाय लुगड्याखाली घेतले. तोरड्यांचा विषय असा दोघींत न बोलता ठरून गेला.

मोटर बसली असती तर विहिरीवर दोर ओढणं संपलं असतं. पवनार आणि वर्धा यांच्या मधल्या सडकेला लागून त्यांचं तीन एकर होतं. नवा बायपास आला तो नेमका त्यातून गेला. मोबदला मिळाला, तो आनंदाबाईच्या नवऱ्याच्या आजारात गेला, आणि मागोमाग नवराही गेला. उरली पाऊण एकर, विहीर, आणि विहिरीवरची घिरणी. तिचा लेक कैलास दिवसा वर्ध्याच्या कापूस बाजारात गाठी उचलायचा, आणि सकाळ-संध्याकाळ प्लास्टिकच्या पिशव्यांत कलमं लावायचा. कण्हेर, बोगनवेल, जास्वंद असलं काहीबाही. मोटर आली की गाठी सुटतील, असं तो म्हणायचा. नर्सरीची पाटीही त्यानं मनातल्या मनात रंगवून ठेवली होती.

तर झाडं. नागपूरची सडक आणि बायपास जिथं मिळतात, त्या चौफुलीवर रस्त्यांच्या मधे चार तिकोन उरले होते. मुरूम टाकून उंच केलेले आणि उघडेबोडके. ते हिरवे करायला सरकारातून निधी आला. पण अट अशी, की झाडं बिनपाण्याची पाहिजेत. पुढं देशभर पाण्याचा तोटा होणार, म्हणून आताच दाखवून द्यायचं की बिनपाण्यानंही हिरवं राहता येतं. काम मिळालं प्रभाकररावांना. वर्ध्याला त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. झाड लावणं सोडून झाडासंबंधीचं सगळं त्यांना येत होतं.

"अकरा शेकडा झाडं तू देजो," ते कैलासला म्हणाले. कैलास दुकानात उभा होता आणि आनंदाबाई पायरीवर. "रोपाचे नऊ रुपये. खड्डा, लावणं, सगळं त्यातच. अन् पुढच्या मे महिन्यात साहेब येतीन, जिते झाडं मोजतीन. जित्यामागं बावीस."

"यादी हाय का?" कैलासनं विचारलं.

यादी होती. इंग्रजीत होती. ती दुकानात बसलेले रस्त्याचे ओव्हरसीअर महादेवराव यांनी वाचून दाखवली. कण्हेर, बोगनवेल, घायपात, तरवड. मग एक लांबलचक नाव वाचून ते थांबले आणि हसायला लागले.

"हे तं आपली घाणेरी होय बाप्पा!"

"घाणेरी?" पायरीवरून आनंदाबाई म्हणाली. "आमी बांधावरची घाणेरी उपटू उपटू मेलो, अन् सरकार पैसे देऊन लावून राह्यलं?"

"ते रंगीत फुलाची होय, आनंदाबाई," महादेवराव म्हणाले.

"आमची का काळ्या फुलाची होती?"

प्रभाकरराव हसले. हसणं त्यांना फुकट पडत असे, म्हणून ते पुष्कळ हसत. "एक गोष्ट ध्यानात ठेवजो, कैलास. पाण्याचा पैसा भेटणार नाई. अंदाजपत्रकात पाण्याचं कलमच नाई. दिवाळीनंतर तं एक पैसा नाई."

अट त्यांनी सांगितली ती एवढीच. त्यांच्या खिशाला लागत होती तेवढी. आनंदाबाईनं तिचा सरळ अर्थ घेतला. सरकार पाणी देणार नाही, म्हणजे आपण द्यायचं. बाजारात माल नेताना गाडीभाडं आपलं असतं, तसं. पाणी न मागणारं झाड असतं, हे तिनं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. माणसं काहीही बोलतात.

जुलैत खड्डे खणले, लावायला यादीतली कण्हेर आणि बोगनवेल तेवढी, कैलासच्या पिशव्यांतली. मुरूम इतका दाबलेला की टिकासाचं टोक वाकायचं. कैलास खणायचा आणि वर्षाली टोपल्यानं उपसायची. आनंदाबाई पिशवी फाडून रोप मातीच्या गोळ्यासकट खाली ठेवायची, आणि दोन्ही हातांनी भोवती दाबायची. रस्त्यानं जाणारे ट्रक धुरळा उडवत जायचे. क्लीनर खिडकीतून काहीतरी ओरडायचे, ते वर्षालीला ऐकू यायचं आणि आनंदाबाईला यायचं नाही. निदान ती तसं दाखवायची.

तिसऱ्या तिकोनात हातभर खाली गेल्यावर टिकास एकदम मऊ बसला. कैलासनं ढेकूळ वर काढलं. काळं होतं. आनंदाबाईनं ते हातात घेऊन फोडलं, वास घेतला.

"हा आपल्या वावराचा दक्षिणेकडचा धुरा होय," ती म्हणाली. "इथंसा तुह्या बापाची तूर राहे."

"अस्सं?"

"अस्संच. इथं लिंबाचं खोड होतं, तिथून पंधरा पावलं." तिनं पावलं टाकली आणि सडकेच्या डांबरावर जाऊन थांबली. मागून एसटीनं हॉर्न दिला.

त्या पट्ट्यात, मुरूम पातळ होता तिथं, तिनं सगळ्यात मरतुकडी रोपं लावली. चांगल्याला कुठंही चालतं.

त्या वर्षी पाऊस आला तो आल्यासारखा करून गेला. ऑगस्टात वीस दिवस कोरडे. झाडांनी कसंबसं धरलं. दिवाळी झाली, आणि महादेवराव लुनावरून आले, मागं पाटी बांधून. 'बिनपाण्याचा हरित चौक' अशी पाटी, दोन लोखंडी खांबांवर. पाटीचा खर्च अकराशे रोपांच्या पैशापेक्षा जास्त होता.

"आनंदाबाई, आता पाणी बंद हं," पाटी ठोकून घेता घेता ते म्हणाले.

"हाव. तुमचं बंद."

"आमचं कधी चालू होतं?"

"तेच म्हणते मी."

दोघंही हसले. दोघांनाही वाटलं की आपलं बोलणं समोरच्याला कळलं.

संक्रांतीला बोगनवेलीनं पानं टाकली. कण्हेरीची पानं कडेनं वळली. आनंदाबाई रोज सकाळी जाऊन पाहायची. तिसऱ्या दिवशी तिनं तेलाचे दोन रिकामे पिपे घासले, कडीला दोर बांधले, आणि नवऱ्याची कावड कोठ्यातून काढली.

"माय, काऊन?" कैलास म्हणाला.

"मेल्याचे पैसे नाई भेटत, जित्याचे भेटते. तूच सांगतलं."

हिशोब बरोबर होता.

दोर ओढायची वर्षाली. पिपा पंधरा लिटरचा, कावडीला दोन. विहिरीपासून चौफुली तीनशे पावलं, त्यात एक सडक ओलांडायची. एका दिवसाला एका तिकोनातली झाडं, झाडाला एक तांब्या, नऊ फेरे. चार तिकोन, चार दिवस. पहिले पाच फेरे कैलास मारायचा, मग तो सायकलवर बाजाराला जायचा. उरलेले चार आनंदाबाई. तिच्या खांद्यावर कावडीनं आधी लाल वळ आला, मग वळाचं कातडं झालं, मग ते कातडं जनावराच्या मानेवर जुवामुळे होतं तसं जाड आणि मुकं झालं. वर्षालीच्या तळव्यांना दोरानं चिरा पडल्या. रात्री ती त्यात गोडं तेल भरायची आणि भाकरी थापताना दोन्ही हातांची बोटं वर धरून थापायची.

झाडाच्या बुडाशी पाणी नुसतं ओतलं तर मुरुमावरून वाहून जातं. म्हणून बुडाभोवती मातीचं गोल कडं करायचं, आळं करायचं. हे आनंदाबाईला कोणी शिकवलं नव्हतं. झाड म्हटलं की आळं आलंच, जसं लेकरू म्हटलं की टोपरं.

चौथा तिकोन बायपासच्या पलीकडे होता. फेब्रुवारीत एका सकाळी कैलास कावड घेऊन ओलांडत असताना नागपूरकडून ट्रक आला. कैलास वाचला. एक पिपा चाकाखाली गेला, आणि डांबरावर पोळीसारखा चपटा झाला. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, ती पिपा पाहायला नाही, शिव्या द्यायला.

"मरना है क्या बे? पानी के लिए मरेगा?"

कैलास गुडघा धरून बसला होता. "नहीं साब," तो म्हणाला. साब का म्हणाला ते त्यालाही नंतर कळेना.

दोन दिवस फेरे बंद राहिले. मग कैलासनं नवा पिपा आणला आणि सांगितलं, "माय, पलीकडचा तिकोन सोडून दे. तेच पाव हिस्सा मेले समज."

"माह्या हिशोबात होतेच ते," आनंदाबाई म्हणाली. तिकडची दोनशे पंचाहत्तर झाडं तिनं त्या दिवशी मनातून काढली. आता उरलेल्या तिन्हींची पाळी तिसऱ्या दिवशी येऊ लागली, हा फायदाच झाला.

मार्चमध्ये विहिरीला आणखी दोन हात दोर लागू लागला.

"मामीजी, वांगे सुकून राह्यले," वर्षाली सासूला म्हणाली. विहिरीलगत दोन वाफे वांग्याचे होते, एक सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा. आठवड्याच्या बाजाराचा मीठमसाला त्यावर निघायचा.

आनंदाबाईनं वाफ्याकडे पाहिलं. "वांगं काय किलो जाते?"

"तीन रुपये. लय झालं तं चार."

"अन् झाड?"

"बावीस," वर्षाली म्हणाली, आणि दोर ओढायला लागली. वांगी वाळली. सांबार त्याआधीच फुलावर येऊन गेला होता.

मेच्या चौदा तारखेला प्रभाकररावांचा निरोप आला. सतराला नागपूरहून साहेब येणार, सोबत मॅडम पण. 'जरा साफसफाई करून ठेवा.'

साफसफाई हा शब्द आनंदाबाईला सांगायचा नसतो. घरी सोयरे येणार असले की माणूस अंगण सारवतो, पोतेऱ्यानं ओटा काढतो. ही तर चौफुली, आणि येणारे नागपूरचे. कैलासनं दोन दिवस गाठी बुडवल्या. तिघांनी मिळून तीन तिकोनांतला पालापाचोळा, गुटख्याच्या पुड्या, एसटीतून फेकलेल्या संत्र्याच्या साली, सगळं वेचलं. मग आनंदाबाईनं झाडामागून झाड घेतलं. जुनी आळी मोडली, नवी बांधली, तळहातानं थापून गुळगुळीत केली. सगळी एका मापाची, जशी ताटात मांडलेली पुरणाची मुटकुळी. वर्षालीनं कडेच्या दगडांना चुना दिला. मोजली तेव्हा जिती झाडं सातशे अडुसष्ट भरली. वर्षालीनं तिथंच काडीनं मुरुमात गुणाकार केला.

"सोळा हजार आठशे शहाण्णव."

"मोटर अन् खांब बसते ना?"

"बसते. वर आठशे शहाण्णव."

"मंग तोरड्या पातळ येतीन," आनंदाबाई म्हणाली. पहिल्यांदाच ते तोंडानं बोलली. वर्षाली आळं थापत राहिली, पण हसत होती.

सतराच्या पहाटे तिन्ही तिकोनांना एकदम पाणी दिलं. सव्वीस कावडी. शेवटचे चार पिपे गढूळ आले, आणि सव्विसाव्या कावडीला बालटी तळाच्या गाळावर आपटल्याचा आवाज झाला. पण झाडं न्हाऊन उभी होती. पानावर धूळ नाही. आळ्यांत पाणी आरशासारखं. आनंदाबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि पाटीखाली एक कोरं मडकं झाकून ठेवलं, येणाऱ्यांना प्यायला.

साडेनवाला जीप आली. साहेब, मॅडम, मागच्या सीटवर प्रभाकरराव. महादेवराव लुनावर. साहेबांनी गॉगल काढला, तिन्ही तिकोनांवर नजर फिरवली आणि पहिल्या आळ्यापाशी थांबले. बुटाच्या टोकानं त्यांनी माती दाबली. बूट रुतला.

"हे ओलं कसं?"

प्रभाकररावांनीही आता पाहिलं. दुकानदाराचा चेहरा म्हणून तो लगेच बदलला नाही. "दव असेल, साहेब."

"मे महिन्यात?"

"सकाळचं थोडं पडतं इकडे."

आनंदाबाईला राहवलं नाही. शेटजींना शेतीतलं कळत नव्हतं, हे ठीक. पण सोयऱ्यांपुढं असं बोलून ते आपली मेहनत दवाला देऊन टाकत होते.

"दव कायचं वो, शेटजी!" ती पुढं आली. "दव पडून कुठं झाड जगते? आमी पाणी देल्लं, बाई," ती मॅडमकडे वळली. "संक्रांतीपासून देल्लं. हे माहा लेक, हे सून. कावडीनं आणलं. सरकारचा एक थेंब नाई घेतला."

आणि तिनं पदर बाजूला करून खांदा दाखवला.

सडकेवरून एक बैलगाडी गेली, तिच्या चाकाचा आवाज पुष्कळ वेळ ऐकू आला. महादेवराव लुनाचा आरसा पुसू लागले.

"आजी," मॅडम म्हणाल्या, आणि त्या वाईट बोलल्या नाहीत, "तुम्ही फार कष्ट केलेत. पण ही योजना बिनपाण्याची आहे. पाणी घालून तर कोणतंही झाड जगतं. मग यातून काय दिसलं?"

"दिसलं का जगले."

"हो, पण..."

"साहेब," कैलास म्हणाला, "जित्या झाडाचे पैसे ठरले होते. जिते हाय. मोजून पाहा."

"बिनपाण्यानं जगलेल्याचे," साहेब म्हणाले. "कागदावर स्पष्ट आहे. कंत्राटदारानं सांगितलं नाही तुम्हाला?"

सगळ्यांनी प्रभाकररावांकडे पाहिलं. प्रभाकररावांनी कैलासकडे पाहिलं, जसं काही तेही उत्तराची वाट पाहत होते. "सांगितलं होतं, साहेब. दिवाळीनंतर पाणी नाही, असं दुकानात, यांच्या आईसमोर सांगितलं होतं. हो की नाही, आनंदाबाई?"

आनंदाबाई खोटं बोलत नसे. "पाण्याचा पैसा नाई म्हणले होते," ती म्हणाली.

"पाहा."

साहेबांनी तक्त्यावर तांबड्या पेन्सिलीनं तीन रेघा मारल्या. एका तिकोनाला एक. सातशे अडुसष्ट झाडांना तीन रेघा पुरल्या. मडक्यातलं पाणी कोणी घेतलं नाही. मॅडमजवळ बाटली होती.

मग साहेबांनी पलीकडे बोट दाखवलं. "चौथा भाग?"

"तो सोडला, साहेब," कैलास म्हणाला. "तिकडं पाणी..." आणि थांबला.

जीप ओलांडून पलीकडे गेली. मागून सगळे चालत. चौथ्या तिकोनात कैलासची दोनशे पंचाहत्तर झाडं होती, म्हणजे त्यांच्या काड्या होत्या, आणि त्या काड्या दिसत नव्हत्या. वरून घाणेरी माजली होती. पाखरांनी कुठून बी आणलं कोण जाणे, लाल-पिवळ्या फुलांनी सगळं भरलेलं. मधे मधे तरवड, पिवळाधम्मक. बुडाशी माती तापून तडकलेली. पाण्याची खूण नाही.

"वा!" मॅडम म्हणाल्या. त्यांनी कॅमेरा काढला. "ही दोन्ही यादीत आहेत ना?"

"आहेत मॅडम," प्रभाकरराव म्हणाले. त्यांना यादी आता तोंडपाठ आठवली.

मोजणी महादेवरावांनी केली. बूड धरून तीनशे बारा भरली.

"लावली होती दोनशे पंचाहत्तर," साहेबांनी तक्ता पाहिला. "जगली तीनशे बारा. म्हणजे... एकशे तेरा टक्के."

"पसरलीत साहेब," महादेवराव म्हणाले. "माती मानवली."

साहेबांनी एकशे तेरा टक्के लिहिलं. हसायचं एकालाही सुचलं नाही, कारण आकडा हिरव्या पेन्सिलीनं लिहिला होता. घाणेरीपाशी उभं राहून फोटो निघाला. मॅडमनी आनंदाबाईला बोलावलं, "या ना आजी, तुम्हीपण." ती गेली आणि उभी राहिली. फोटोत तिच्या लुगड्याला घाणेरीचे काटे लागलेले दिसत असतील.

दुसऱ्या दिवशी कैलास दुकानात गेला. प्रभाकररावांनी आधी चहा सांगितला.

"तीनशे बाराचे तं झाले ना, शेटजी," कैलास म्हणाला. "त्याचे बावीस..."

"त्यातलं तुह्या हातचं एक तरी झाड हाय का? सांग. तुह्या मायची शपथ घेऊन सांग."

कैलास चहाच्या कपाकडे पाहत राहिला.

"नाई ना? ते आपोआप उगवले. तुले कसे देऊ? अन् तुह्यावाले दोनशे पंचाहत्तर मेले. त्याच्या रोपाचे नऊ-नऊ रुपये मी वापस मागून राह्यलो का? नाई मागत. तुह्या मायकडं पाहून सोडले." ते पुढं झुकले. "अन् आयक. दुसऱ्या चौफुलीचा निधी मंजूर होऊन राह्यला. हेच काम पाहून. तिथं सगळी घाणेरीच लावू. बांधावरून उपटून आण, दोन रुपये बुडामागं देतो. पण एक शर्त. पाणी नको देजो बाबा."

कैलासनं चहा पिऊन टाकला. टाकून उठायची हिंमत झाली नाही, आणि चहा गोड होता.

घरी त्यानं सांगितलं तेव्हा आनंदाबाई कावडीचा दोर सोडवत बसली होती. "त्या घाणेरीले पाणी कोणी देल्लं?" तिनं विचारलं.

"कोणीच नाई, माय."

"म्हणून पैसे भेटले." ती दोर गुंडाळत राहिली. "दोन रुपये म्हणते का?"

"हाव."

"मंग आणजो. बांधावर लय हाय."

विहिरीत गाळ होता, तेव्हा आता इच्छा असती तरी झाडांना पाणी देता आलं नसतं. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सातशे अडुसष्टांपैकी सातशे सदतीस वाळली. दर तिसऱ्या दिवशीच्या तांब्याला ती लाडावली होती, मुळं वरच्यावरच राहिली होती. उरली एकतीस. ती जुन्या धुऱ्यावरची, शेताच्या बांधाच्या काळ्या मातीतली, सगळ्यात मरतुकडी म्हणून लावलेली. ती बिनपाण्यानं उभी होती. ती मोजायला कोणी आलं नाही, कारण त्या तिकोनावर तांबडी रेघ पडून गेली होती.

शेवटचा हिशोब वर्षालीनं केला, वापरलेल्या पाकिटाच्या मागच्या बाजूला, कोणी न सांगता. एकशेवीस दिवस, दिवसाला नऊ कावडी, आणि शेवटच्या पहाटेच्या सव्वीस. अकराशे सहा कावडी. कावडीला तीस लिटर. तेहतीस हजार एकशे ऐंशी लिटर. सरकारनं तीनशे बारा झाडांचे, झाडामागे एकशेदहाप्रमाणे, प्रभाकररावांना दिले ते चौतीस हजार तीनशे वीस रुपये. महादेवरावांच्या लुनाला त्याच महिन्यात नवे टायर आले, ते वर्षालीनं धरले नाहीत. तिच्याकडे कागद नव्हता.

प्यायचं पाणी त्या उन्हाळ्यात कैलास पवनारहून सायकलच्या दोन्ही बाजूंना पिपे लावून आणायचा. तेच पिपे.